फील्ड कॅम्पमध्ये उघडायचं पत्र

रामबाग, इंदूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या सिंगापूरच्या लष्करातल्या कंपनीकडून आईला निरोप आला, की पोरं फील्ड कॅम्पला, म्हणजे रानातल्या सरावाला, गेली की एका रात्री त्यांच्या हातात घरची पत्रं देतात, तेव्हा पालकांनी लिहून द्या. मी इथून हाताने लिहितोय. फोटो काढून आईला पाठवीन, ती प्रिंट काढून लिफाफ्यात घालेल. म्हणजे तुझ्याआधी हे आई वाचणार. वाचू दे. यातली एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही.

आधी आजीचं सांगतो, कारण तू तेच आधी विचारशील. खुब्याचं ऑपरेशन होऊन आज चोवीस दिवस झाले. वॉकर धरून पलंगापासून देवघरापर्यंत येते. अकरा पावलं होतात, मी मोजली. देवघराच्या उंबऱ्याशी थांबून श्वास घेते आणि परतीची अकरा टाकते. रात्री एकदा उठावं लागतं तिच्यासाठी, तेवढंच. बाकी जीभ होती तशीच आहे.

तुझं वेळापत्रक मी पाठ केलंय. तुम्हाला साडेपाचला उठवतात तेव्हा इथे तीन वाजलेले असतात. अडीच तासांचा फरक. गेले काही दिवस मला तीनला आपोआप जाग येते. उठून पाणी पितो, आजीचं पांघरूण बघतो, आणि मनात म्हणतो, आता बाळ बूट घालत असेल. तुमचे दिवे साडेदहाला बंद होतात, तेव्हा इथे आठ. आजीचं जेवण त्याच वेळी असतं. तिला घास देताना मी घड्याळाकडे बघतो हे तिच्या लक्षात आलंय, पण बोलत नाही.

दाखल व्हायच्या दिवशी तेकाँग बेटावर आम्ही तुझ्याबरोबर जेवलो, ते आठवतंय ना? शपथ झाली, मग त्यांच्या त्या मोठ्या भोजनगृहात सगळ्या पोरांना आईवडिलांशेजारी बसवलं. शेकडो कुटुंबं, चिनी, मलय, तमिळ, आणि सगळीकडे तेच दृश्य. आई स्वतःच्या ताटातलं उचलून पोराच्या ताटात टाकतेय आणि पोरगा इकडे तिकडे बघत म्हणतोय, बास, बास. तुझ्या आईने तुला तिच्या वाटचं अंडं दिलं. तू खाल्लं नाहीस, पण परतही केलं नाहीस, ताटाच्या कडेला सारून ठेवलंस. मला एकदम तुझी मुंज डोळ्यांसमोर आली. इथेच, याच घरात झाली होती. मातृभोजनाला तू आईच्या मांडीशी बसला होतास, आजूबाजूला आठ बटू, आणि आजी सांगत होती, पोटभर जेव रे, यानंतर आईच्या ताटात जेवायचं नाही. तेव्हा तो विधी होता, संध्याकाळी तू परत आईच्याच ताटात जेवलास. त्या दिवशी मात्र आम्ही फेरीत बसलो आणि तू राहिलास. आई पाण्याकडे बघत होती. मी तिच्याशी काही बोललो नाही, बोललो असतो तर माझाच आवाज फुटला असता. चौथ्या दिवशी इथून फोन आला, आजी पडली, आणि मी विमानात बसलो. तुझं तुळतुळीत डोकं मी पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर, आईने पाठवलेल्या फोटोत. आजीला दाखवलं. ती म्हणाली, मुंजीत घेरा तरी ठेवला होता.

आता ती गोष्ट.

तू सोळा वर्षांचा झालास तेव्हा मी तुला समोर बसवून बोललो होतो. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी साडेसोळाला नाव नोंदवावं लागेल, अठराला बोलावतील, दोन वर्षं जातील. तू चार वर्षांचा असताना मी स्वतःबरोबर तुझ्याही कायमच्या रहिवासाच्या कागदावर सही केली, त्या सहीबरोबर हे आलं. मला स्वतःला माफी होती, कारण मी नोकरीच्या आधारावर रहिवासी झालेला पहिल्या पिढीतला माणूस. बापाच्या आधारावर रहिवासी होणाऱ्या मुलाला ती नाही. सही करताना मला हे माहीत होतं. चौदा वर्षं लांब आहे, तोवर बघू, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आणि तुला समोर बसवलं त्या दिवशी मी काय बोललो? म्हणालो, जा, लष्करात माणूस घडतो. तू म्हणालास, सगळे मित्र जाणार आहेत, मीही जाणार. विषय संपला.

ते वाक्य बोलायचा मला अधिकार नव्हता, बाळा. ते मी आज मागे घेतो.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना एनसीसीत होतो, एवढं तुला माहीत आहे. गणवेशातला फोटो इथे भिंतीवर आहे, तू लहानपणी त्याला सलाम ठोकायचास. महूला आमचा दहा दिवसांचा कॅम्प लागला होता. महू इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटर, तेव्हा रेल्वेची छोटी लाईन होती. पावसाळा. पहिल्या दिवशी तंबूभोवती चर खणायला लावली, पाणी आत येऊ नये म्हणून. चर खणली तरी पाणी आलंच. सतरंजी ओली, बूट ओले, मोजे पिळून परत घालायचे. तेही सोसलं असतं. पण रात्री दोन ते चार पहाऱ्याची पाळी असायची, दोघांची जोडी. माझा जोडीदार खरगोनकडचा एक मुलगा होता, बारका, रातांधळा म्हणावा इतकं रात्री कमी दिसायचं त्याला. तो माझ्या बाहीला धरून चालायचा. तिसऱ्या रात्री आम्ही दोघं मैदानाच्या टोकाला उभे होतो, पाऊस आडवा येत होता, आणि मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. कोणी ओरडलं नव्हतं, मारलं नव्हतं. फक्त वाटलं, मी इथून आत्ता निघालो नाही तर मरेन. सकाळी मी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, पोटात प्रचंड दुखतंय. दुखत नव्हतं. घरी निरोप गेला, आजोबा छोट्या लाईनने मला न्यायला आले.

गाडीत आजोबा काहीच बोलले नाहीत. इंदूरला उतरल्यावर स्टेशनबाहेर त्यांनी पोहे-जिलेबी घेतली आणि एक दोना माझ्यापुढे केला. पोट दुखणाऱ्याला पोहे-जिलेबी. मी सगळी खाल्ली. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. ते गेले तोवर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

उरलेल्या रात्री त्या खरगोनच्या मुलाने पहारा कोणाची बाही धरून केला, मला माहीत नाही. मी निघताना त्याला सांगितलंसुद्धा नाही. तंबूत तो झोपला होता, मी पिशवी उचलली आणि गेलो. पळालो याची लाज मला आता फारशी वाटत नाही, सतरा वर्षांचा होतो. त्याला न सांगता गेलो, ते मात्र अजून टोचतं.

म्हणून सांगतो. तुला तिथे रडू आलं तर रड. रात्री, पाऊस पडत असताना, सरावात खणलेल्या त्या खड्ड्यात पडल्या पडल्या वाटेल की हे सगळं कशासाठी, तर वाटू दे. सहन झालं नाही तर सार्जंटला सरळ सांग की सहन होत नाहीये. पोटदुखी सांगू नकोस. आणि तुझ्या जोडीदाराला आधी सांग. तुम्ही लोक त्याला बडी म्हणता ना? गेल्या वेळी सुटीवर आलास तेव्हा आईला तू सांगितलंस, तो रोज रात्री तुझ्या टाचेचा फोड बघतो आणि तू त्याची रायफल पुसून देतोस, कारण त्याचा हात थरथरतो. हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं तुझ्या कुठल्याही निकालाने वाटलं नव्हतं.

आजीला मात्र अजून एक गोष्ट पटलेली नाही. भारताचा पासपोर्ट, आणि सैन्य परक्या देशाचं? रोज विचारायची. मी तिला समजावलं, की तो देश १९६५ मध्ये एकटा पडला तेव्हा त्यांच्याकडे पायदळाच्या अवघ्या दोन पलटणी होत्या, १९६७ मध्ये त्यांनी हा सक्तीच्या सेवेचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी जाहीर केलं की आम्ही आमचं सैन्य काढून घेतोय. एवढासा देश, पगारी फौज कुठून उभी करणार? म्हणून घरोघरचा मुलगा. आधी अडीच वर्षं असायचं, २००४ पासून दोन झाली. तिने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी देवघराशी वॉकर टेकवून म्हणाली, "आपण तरी माळव्याचे कुठे होतो? होळकरांच्या फौजेमागून आलो, दौत-लेखणी घेऊन. इथलं मीठ खाल्लं, इथलेच झालो."

खरंच आहे ते. आपल्या घराण्यात हत्यार कोणी धरलं नाही, फौजेचा हिशेब लिहिला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांची फौज हरली, पुढच्या महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि इंग्रजांची छावणी महूला पडली, तेव्हाही आपलं कोणीतरी इंदुरात वह्या भरतच असणार. त्याच छावणीत मी तीन रात्री काढल्या. आणि आता तू, जवळपास चार किलोची रायफल उशाशी घेऊन झोपतोस. मला अभिमान आहे असं लिहिणार होतो, पण तो शब्द इथे नातेवाईक इतक्या सहज वापरतात की नको वाटतो. जो येतो तो म्हणतो, वा, फौजी झाला, आता शिस्त लागेल. शिस्त तुला आधीच होती. पाचवीपासून तू स्वतःचा डबा स्वतः धुतोस.

मला काळजी वाटते, एवढंच खरं. आणि तू तिथे आहेस याचं ऋण वाटतं, कारण सही माझी होती. सुटीवर आलास की फोन कर आणि मला हवं ते बोल. चिडलास तरी चालेल. गप्प मात्र बसू नकोस. आजोबा आणि मी गप्प बसलो, त्यात फार वर्षं गेली.

बारीकसारीक. मोजे ओले असतील तर बदलायला आळस करू नकोस, बोटांच्या बेचक्यांत पावडर घाल. टाचेचा फोड फोडू नकोस. जिरावण मसाल्याची दोन पाकिटं घेतली आहेत, फील्ड कॅम्पमध्ये बाहेरचं खाणं चालत नाही हे माहीत आहे, म्हणून ओळखीचे एक जण तिकडे निघालेत त्यांच्याबरोबर आईकडे देतोय. घरी आलास की पोह्यांवर घाल. तुझ्या बडीलाही चाखायला दे, आधी थोडंच दे, तिखट आहे.

तुमचे हुकूम मलयमध्ये असतात हे मी आजीला सांगितलं. 'सेदिया' म्हणजे सावधान, 'सनांग दिरी' म्हणजे विश्राम. त्यांच्या भाषेत देशाला नगारा म्हणतात, आपलाच नगर, आणि भाषेला बहासा, हे ऐकून तिला तो देश एकदम जवळचा वाटायला लागला. काल सकाळी पलंगावरून उठताना तिने वॉकर धरला आणि स्वतःशीच म्हणाली, सेदिया. मग उठली. काल बारा पावलं झाली, उंबरा ओलांडून.

आजी घंटी वाजवतेय वाटतं. बघतो.

तुझा,
बाबा