आईच्या ऑपरेशनबद्दल, दोघांनीही वाचा

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर सारखं विचारताय की हल्ली कृत्रिम हाड मिळतं तर आईच्या कमरेला आणखी एक कट कशाला. तुमचा जीव तुटतो ते कळतं मला, पण मला वाटतं डॉक्टर म्हणतायत तेच, म्हणजे आईच्याच कमरेचं हाड काढून पायात भरायचं, बरोबर आहे आणि का ते नीट लिहिते.

आईच्या नडगीचं हाड इतके महिने झाले तरी जुळलेलं नाही, म्हणजे तिथे नुसती जागा भरून चालणार नाही, हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी लागणार. त्या पेशी तिच्या स्वतःच्या हाडातच असतात, म्हणून कमरेच्या हाडाच्या कडेचा आतला मऊ जाळीदार भाग काढून फ्रॅक्चरच्या जागी भरतात. कृत्रिम ग्राफ्ट (ग्राफ्ट म्हणजे फ्रॅक्चरच्या जागी भरायचं हाड किंवा तसा पदार्थ) म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट नाहीतर कॅल्शियम सल्फेटचे दाणे, ती नुसती परांची असते, तिच्यावर चढून काम करणारी माणसं शरीरानेच पाठवायची. आणि आईच्या पायात नेमकं तेच होत नाहीये. यातलं कॅल्शियम सल्फेट म्हणजे साधं प्लास्टर ऑफ पॅरिसच, १८९२ पासून हाडातल्या पोकळ्या भरायला वापरतात, पण ते काही आठवड्यांतच विरघळून जातं, कधीकधी नवीन हाड तयार व्हायच्या आधीच. हे पदार्थ वाईट आहेत असं नाही हं, ताज्या फ्रॅक्चरमधली पोकळी भरायला किंवा स्वतःचं हाड कमी पडलं तर त्यात मिसळायला छान उपयोगी पडतात.

आई, तुला बोन बँकेच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी दिलेल्या आणि साठवून ठेवलेल्या हाडाची भीती वाटते ना, कुणाचं असेल म्हणून. त्यातलं बरंचसं हाड सांधा बदलताना काढलेला खुब्याचा गोळा असतो, म्हणजे देणारा माणूस जिवंतच असतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी सगळ्याच्या टेस्ट करून, खूप थंडीत साठवून, बऱ्याच ठिकाणी गॅमा किरणांनी निर्जंतुक करून मगच वापरतात. किडनी बदलल्यावर लागतात तशा रोजच्या गोळ्या लागत नाहीत. फक्त त्यात जिवंत पेशी उरत नाहीत म्हणून ते सावकाश जुळतं, आणि तुझ्या बाबतीत मला तेवढंच खटकतं, बाकी काही नाही.

कमरेचा कट दुखतो हे मात्र खरंय, काहींना तर पायापेक्षा कमरच जास्त दुखते, बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, थोड्यांचं रेंगाळतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणाही येऊ शकतो. हे लपवून तुला तयार करायचं नाहीये मला. तरी माझं मत तेच, एकदा दुखलेलं परवडलं पण तिसरं ऑपरेशन नको.

आता उद्याच्या व्हिजिटला डॉक्टरांना एवढं विचारा. आत इन्फेक्शन नाही ना ते ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या टेस्ट करून बघितलंय का, कारण इन्फेक्शन असलं तर आधी ते साफ करावं लागतं, त्यावर ग्राफ्ट टिकत नाही. पहिल्या ऑपरेशनमध्ये हाडाला बसवलेली जुनी प्लेट हलतेय का, बदलणार का, कारण हाड हलत राहिलं तर कुठलाच ग्राफ्ट धरत नाही. व्हिटॅमिन डी बघितलंय का. आणि आई तू मनाने दुखण्याच्या गोळ्या घेतेस त्या दाखव, त्यातल्या काहींनी हाड जुळायला उशीर होऊ शकतो. शुगर पण आत्तापासूनच कंट्रोलमध्ये ठेव, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

बाबा, पहिल्या ऑपरेशननंतरचे सगळे एक्सरे तारखेप्रमाणे लावून न्या, नुसता शेवटचा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिथून बाहेर पडल्या पडल्या मला फोन करून सांगा, मी वाट बघतेय.

तुमची,
लेक