आजीबाईच्या बटव्याला माप हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळाशाळांतून 'आजीबाईचा बटवा' प्रकल्प होतात. वह्या सुबक असतात, आत मात्र 'खोकला – अडुळसा, जखम – दगडी पाला' एवढेच. एवढ्यावर काढा होत नाही.

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५० हजार शाळकरी मुलांकडून गावोगावची माहिती लिहून घेतली. गावठी औषधे हा त्यातला एक विषय. पुष्कळ नोंदींवर सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आहे आणि हे सारे आज इंटरनेटवर वाचता येते. डांग्या खोकल्याचे मूल गाढवाच्या पोटाखालून काढायचे, हेही मुलांनी लिहिले. गाळले नाही, हे उत्तमच. माप मात्र तिथेही अनेकदा नाही, आणि खोडा तिथेच बसतो. खोकल्यावरचे कॅरागीन हे लाल समुद्रशेवाळ घ्या. वाळलेले मूठभर शेवाळ पंधरा मिनिटे थंड पाण्यात भिजवून लिटरभर दुधात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवतात, मग गाळतात. एवढ्या शेवाळाने दूध गार झाले की खरवसासारखे थिजते, प्यायचे तर शेवाळ कमी हवे.

अडुळशाचेही तसेच. चार-पाच जून पाने चिरून दोन कप पाण्यात उकळावीत, अर्धा कप उरला की गाळावे. रस हवा तर पान आधी तव्यावर गरम करावे. कच्चे कितीही ठेचा, रस धड सुटत नाही. गरोदर बाईला देऊ नये. मध घालणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको.

गुळवेलीत फसगत जास्त. तिच्याच कुळातली, खोडावर ठसठशीत गाठी असलेली दुसरी वेल यकृताला बाधू शकते. आयुष मंत्रालयानेही २०२२ मध्ये या सारखेपणाबद्दल सावध केले होते.

तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांनी प्रत्येक नोंदीत वनस्पतीचा भाग, ओला की वाळलेला, माप आणि कोणाला देऊ नये, हे लिहून घ्यावे. नाव अहिराणीत किंवा पावरीत (पावरा आदिवासींच्या बोलीत) सांगितले तर तसेच ठेवावे, शेजारी पान चिकटवावे. धोत्रा आणि रुईवर लाल शेरा हवाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. पान चिकटवण्याआधी जुन्या वर्तमानपत्रात आठवडाभर दाबून वाळवावे आणि कागद रोज बदलावा, नाहीतर पावसाळ्यात वहीला बुरशी येते.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)