सूचना : १३ जुलैची ऑरेंज मिरवणूक

बेलफास्टमधील सर्व सभासदांस,

ऑरेंज मिरवणूक एरवी दर वर्षी १२ जुलैला निघते, पण यंदा (२०२६) १२ जुलैला रविवार आहे. त्या वारी ही मिरवणूक काढायची नाही असा ती काढणाऱ्या ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेचा नेम असल्याने ती सोमवारी, १३ तारखेला निघेल.

नव्याने आलेली मंडळी विचारतात, "आपल्यालाही सामील होता येतं का?" बघायला खुशाल जा. गळ्यात नारिंगी पट्टा घालून चालायचं तर ऑरेंज ऑर्डरचं सभासद व्हावं लागतं, आणि १७९५ मध्ये आर्मा परगण्यात स्थापन झालेल्या या संघटनेत प्रवेश फक्त प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणसाला. एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग लॉजमध्ये, म्हणजे संघटनेच्या स्थानिक शाखेत, मतदान. रविवार पाळावा, शिवीगाळ करू नये, दारूचा अतिरेक टाळावा, ही त्यांची तत्त्वं. कॅथलिक चर्चच्या शिकवणीला ठाम विरोध करावा, पण कॅथलिक बांधवांबद्दल अनुदार शब्दही काढू नये, हे दोन्ही एकाच दमात सांगितलंय! दुसरा भाग रस्त्यावर दर वेळी दिसतोच असं नाही. म्हणून मिरवणुकीआधी रात्री पेटवल्या जाणाऱ्या मोठ्या होळ्यांपाशी मुलांना घेऊन रेंगाळू नका, आणि कोणाच्याही धर्माची चौकशी नको.

सोमवारी शहरातले बरेच रस्ते बंद राहतील. मुलांचा मराठी वर्ग मंगळवारी, नेहमीच्याच वेळी.

— कार्यवाह