बुटातला कागद

प्रिय आई-बाबा,

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण तुमच्या मधुमेहाचा, साखरेचा विषय निघाला की बाबा, तुम्ही "हं, आईकडे देतो" म्हणून मोकळे होता. म्हणून पत्र.

मागच्या वेळी घरी आले तेव्हा, बाबा, तुम्हाला चालायला आणलेले बूट मी माळ्यावरून काढून पाहिले. खोकं जसंच्या तसं. आत बोटं घातली, तर टोकाला कोंबलेला कागदाचा बोळासुद्धा तिथेच. आठ महिने! राग आला, खोटं कशाला सांगू. परतीच्या प्रवासात तो उतरला आणि मग माझंच वागणं आठवलं. रोज संध्याकाळी फोन करून "आज चाललात का?" विचारायचं, जसा काही गृहपाठ तपासतेय. तुम्ही नाही म्हणालात की माझा सुस्कारा. असे सुस्कारे ऐकून कोण बूट घालेल?

सुरुवातीला तुम्ही चाललात ना, चांगले अकरा दिवस, रोज पाऊण तास. बाराव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली निघाली, तुम्ही म्हणालात, "मग चालून उपयोग काय?" आणि सगळं तिथेच थांबलं. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता देते. पहाटे आपण उठायच्या आधीच शरीरात काही हार्मोन्स वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. त्यात झोप कमी झाली, सर्दी-ताप असला, कसली काळजी लागली, तरी आकडा चढतो. त्या एका आकड्यावरून अकरा दिवसांच्या चालण्याचा निकाल लावणं म्हणजे अन्यायच. खरा अंदाज येतो तो तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीत.

आणि आता त्या रात्रीबद्दल. आई, तू वहीत लिहून ठेवलं आहेसच. जेवणानंतर तासाभराने २०४. मग बाबांना मी जवळजवळ ओढतच गॅलरी ते दार, दार ते गॅलरी अशा वीस मिनिटं फेऱ्या मारायला लावल्या. नंतर १६३. बाबांनी चष्मा लावला, यंत्र दिव्याखाली धरलं, "बिघडलंय हे" म्हणाले आणि दुसरं बोट टोचून घेतलं. १५८! थोडी साखर तशीही उतरली असती, हे मान्य. पण बाबा, तेव्हा तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

यात जादू काही नाही. एरवी स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि तुमचं शरीर त्यालाच नीट दाद देत नाही. पण स्नायू कामाला लागले की इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतात. शिवाय त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनही जरा बरं काम करतं. म्हणूनच सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको म्हणतात. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

तर पाऊण तासाचा माझा हट्ट मी मागे घेते. जेवण झालं की दहा मिनिटं, बस्स. नाश्ता, दुपार, रात्र मिळून तीस. पाच दिवसांचे झाले १५०, आणि आठवड्याला तेवढेच सांगतात. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला मी आणखी काय सांगू? मूड असायची वाट बघू नका, ताट उचललं की निघा. गुडघा दुखेल त्या दिवशी दणकट खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, तोल जातोय वाटलं तर टेबलाला धरून. स्नायू टिकवायला ते एरवीही हवंच. आई, हे तुलाही लागू आहे, हसू नकोस.

दोन गोष्टींत मात्र मी ऐकणार नाही. तुमच्या गोळीने साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात साखरेची पुडी हवीच. घाम फुटला, हात थरथरले की थांबायचं आणि तपासायचं. ७० च्या खाली असेल तर साधारण तीन चमचे साखर घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. फेऱ्या वाढवण्याआधी गोळीबद्दल डॉक्टरांशीही बोलून घ्या. दुसरी गोष्ट पायांची. जुन्या बुटात खडा घेऊन तुम्ही अख्खी फेरी मारून आलात आणि बधिर पायांमुळे तुम्हाला पत्ताच नव्हता, मोजा ओला लागला तेव्हा आईच्या लक्षात आलं. नवे बूट मी हौस म्हणून नव्हते आणले, बाबा. घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचं, आणि रोज रात्री आई तळवे बघेल. कुरकुर करायची नाही.

यापुढे "चाललात का?" हा प्रश्न बंद. वाटलं तर आधीचा आणि नंतरचा, असे दोन आकडे पाठवा. नाही वाटलं तर नका पाठवू. बाकीचं बोलायला आपल्याकडे भरपूर आहे, इतके महिने ते राहूनच गेलं.

तुमची,
लेक

ता. क. कागदाचा बोळा मी काढलेला नाही, डाव्या बुटात आहे. बूट माळ्यावरून खाली, दाराशी आणून ठेवलेत तेवढे.