ताईस पत्र: चक्र, अक्षरं आणि कॅटेगऱ्या

पार्सिपनी, न्यू जर्सी
१५ मार्च २०२५

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. पेपरातलं शब्दकोडं चहा गार व्हायच्या आत सोडवून झालं की मग दिवसभर ते तुझं डोकं खातात, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा त्यांना पुरेल एवढं लांब पत्र लिहायला बसलोय. तुम्ही दोघं इथे आला होतात तेव्हा रोज संध्याकाळी साडेसातला सात नंबरच्या चॅनलवर आम्ही काय बघतो, असं दाजींनी विचारलं होतं. हिने पोळ्या लाटता लाटता कायतरी उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. आज सविस्तर सांगतो. तू त्यांना वाचून दाखव.

खेळाचं नाव 'व्हील ऑफ फॉर्च्यून'. समोर फळ्यावर रिकाम्या चौकटी. चोवीस पाकळ्यांचं मोठं चाक फिरवायचं, ज्या रकमेवर थांबेल ती रक्कम बघून एक व्यंजन मागायचं. फळ्यावर ते जितक्या वेळा निघेल तितक्या पट पैसे. चाक 'दिवाळखोर' लिहिलेल्या पाकळीवर थांबलं की त्या कोड्यात जमवलेले पैसे गेले. स्वर मात्र विकत घ्यावा लागतो, अडीचशे डॉलरना. दुधापासून घरापर्यंत सगळ्याचे भाव कुठल्या कुठे गेले, पण इंग्रजी स्वर अजून त्याच भावाने मिळतो, हे मला या देशातलं एक आश्चर्य वाटतं. आपल्याकडची मुलं सिनेमाची नावं ओळखायचा जो खेळ वहीच्या मागच्या पानावर खेळतात, तोच हा. मर्व्ह ग्रिफिन नावाच्या माणसाने तो टीव्हीवर आणला. लहानपणी लांबच्या मोटारप्रवासात तो आणि त्याची बहीण हा 'हँगमन' म्हणजे फाशीचा खेळ खेळायचे, त्यावरून त्याला हे सुचलं. ६ जानेवारी १९७५ ला पहिला भाग दाखवला गेला. बहीणभावाच्या भांडणातून माणसाने केवढी इस्टेट उभी केली बघ. तू मला जिंकू दिलं असतंस तर आज आपलंही काहीतरी झालं असतं.

आता मुद्द्याचं. कोडं सुरू होण्याआधी एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे कॅटेगरी. उत्तर कशाबद्दल आहे, एवढंच. दाजींच्या कोड्यात 'आडवे ४' ला जशी ओळभर सूचना असते, तशी इथे सगळ्या कोड्याला मिळून ही एकच. सुरुवातीला प्रकार मोजके होते: व्यक्ती, जागा, वस्तू, वाक्प्रचार, शीर्षक, घटना, प्रसिद्ध स्थळ, काल्पनिक पात्र असे. मी १९८६ ला इथे आलो तेव्हा हेच चालू होतं. अक्षरं ओळखायला मी कुणाला हार जायचो नाही. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येतो, व्यंजनांत टी आणि एन पुढे, हे एकदा समजलं की निम्मा फळा भरतो. पण पुढे? 'काल्पनिक पात्र' म्हटल्यावर माझ्या समोर अर्धवट भरलेल्या चौकटी आणि शेजारच्या घरातल्या आजीबाई चार अक्षरांवरून ओरडून उत्तर सांगायच्या. मला ते पात्र पूर्ण लिहून दाखवलं तरी कोण हे कळायचं नाही. त्यांच्या लहानपणीच्या बडबडगीतातलं कुणीतरी, नाहीतर जुन्या टीव्ही मालिकेतला शेजारी.

ही भिंत अक्षरांची नव्हती, ताई. तेव्हा इथे तीन मोठी चॅनल्स, सगळा देश रात्री तेच बघणार आणि सकाळी ऑफिसात त्यावरच बोलणार. कोडी बनवणाऱ्यांना ठाऊक होतं की हे नाव सगळ्यांना माहीत असणार. त्या 'सगळ्यांत' मी अजून यायचा होतो.

तेव्हाची आणखी एक गंमत दाजींना सांग. जिंकलेले पैसे हातात मिळायचे नाहीत. स्टेजवर दुकान मांडलेलं असायचं आणि विजेत्याने त्यातून खरेदी करायची: सोफा, घड्याळ, चिनी मातीचा डाल्मेशियन कुत्रा. तो कुत्रा इतका गाजला की खेळ न बघणाऱ्यालाही माहीत होता. १९८७ च्या ऑक्टोबरात संध्याकाळच्या कार्यक्रमातून दुकान बंद झालं, रोख पैसे सुरू झाले. खरेदीत जाणारा वेळ वाचला, तेवढ्यात जास्त कोडी मावू लागली. आणि जास्त कोडी म्हटल्यावर रोज तेच मोजके प्रकार पुरेनात.

माझ्या मते कॅटेगऱ्यांना खरी पालवी फुटली ती इथून पुढच्या पंधराएक वर्षांत. त्यातली मला सगळ्यात आवडलेली म्हणजे 'आधी आणि नंतर'. दोन नावं एका सामायिक शब्दावर जोडायची. जॉर्ज वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन पोस्ट मिळून 'जॉर्ज वॉशिंग्टन पोस्ट'. मराठीत करायचं तर 'महात्मा गांधी टोपी'. किंवा 'वडापाव किलो'. हा दुसरा माझा स्वतःचा, आणि हिला तो अजिबात आवडलेला नाही. 'एकच नाव' हा त्याचा भाऊ: पुस्तकाचं आणि अळूचं पान. मग यमक जुळवलेली कोडी आली, 'नट आणि भूमिका' आली, 'पुस्तक आणि लेखक', 'गाणं आणि गायक' आली. यात नुसती माहिती पुरत नाही, कोडं बनवणाऱ्याचा चावटपणा ओळखावा लागतो. दाजी यात बाजी मारतील.

काही प्रयोग फसलेही. नव्वदीच्या मध्यात 'मेगावर्ड' नावाची कॅटेगरी काढली होती. उत्तर म्हणजे एकच लांबलचक शब्द, आणि तो ओळखल्यावर वाक्यात वापरून दाखवला की पाचशे डॉलर जास्त! आपल्या मराठीच्या बाईंनी काढली असावी असं वाटायचं. खेळाडू बिचारे उभ्या उभ्या असं वाक्य रचायचे की व्याकरणाने मान खाली घालावी. फार टिकली नाही. त्याच जातीची काही कोडी मात्र बरीच वर्षं होती. उत्तर हीच एक सूचना असायची, आणि त्यावरून ती व्यक्ती किंवा जागा सांगितली की वरकड बक्षीस. 'रिकामी जागा भरा', 'आपण कुठे आहोत?', 'पुढची ओळ सांगा' ही त्यातलीच. ती बंद झाली याचं मला वाईट वाटतं. कोडं सुटल्यावरही थोडं कोडं शिल्लक राहायचं.

शतक बदलल्यावर वारं फिरलं. आता सर्रास दिसतात त्या कॅटेगऱ्या बघ: 'खाणंपिणं', 'घरातल्या वस्तू', 'स्वयंपाकघरात', 'सजीव', आणि 'काय करताय?'. नावाजलेल्या माणसांसाठी 'व्यक्ती'पासून वेगळी 'विशेषनाम' अशी कॅटेगरी आहे, पण मला ती कमीच भेटते. 'शीर्षक'ही तसंच. चॅनल्स शेकड्यांनी झाली, मग प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला. आता कुठलं पात्र, कुठली मालिका सगळ्यांना माहीत आहे असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण फ्रीज सगळ्यांकडे आहे, भांडी सगळे घासतात, कुत्र्याला फिरवायला सगळे नेतात. म्हणून कोडी तिथे जाऊन बसली, असं माझं म्हणणं. आमचा मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही उगाच समाजशास्त्र काढता, त्यांना सोपं करायचं होतं, केलं. असेलही. पण सोपं कुणासाठी?

कारण झालं असं की माझ्यासारख्याला खेळ आता उघडला. 'काय करताय?' या कॅटेगरीत तर कोड्याची किल्लीच हातात देतात. उत्तरात इंग्रजी क्रियापद चालू काळात येणार, म्हणजे त्याच्या शेवटी आय, एन, जी ही अक्षरं असणारच. जाणते खेळाडू आधी एन आणि जी मागून घेतात, मग आय विकत. कॅटेगरी अनेकवचनी असेल, 'वस्तू' एक नसून अनेक असतील, तर एस मागायला हरकत नाही. हे आमच्या सूनबाईलाही आता पाठ झालंय, आणि तिला इथे येऊन फार वर्षं झालेली नाहीत. ती 'खाणंपिणं'मध्ये मला सहज हरवते.

मात्र एक खोट आहे. साध्या गोष्टींची कोडी लांब दिसावीत म्हणून त्यांना विशेषणं चिकटवतात. नुसते बटाट्याचे काप येत नाहीत. ते सोनेरी, कुरकुरीत आणि ताजे तळलेले असतात. हॉटेलच्या मेनूकार्डासारखी भाषा! असं कुणी घरात बोलतं का? पूर्वी उत्तर उमगलं नाही तरी ते खरंखुरं कुठेतरी होतं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन ते नाव शोधायचो, आणि निम्मी अमेरिका मी अशीच शिकलो. कुरकुरीत बटाट्यांवर शोधायचं काय? माझ्यासाठी खेळ सोपा झाला आणि थोडा फिका झाला, दोन्ही एकाच वेळी.

जाहिरातींचं अंगही आहेच. २००३ पासून एका कोड्याचं उत्तर बक्षिसाशी जुळवलेलं असतं. फळ्यावर समुद्र, वाळू, सूर्यास्त असलं काही निघालं की समजायचं, जिंकणारा कुठल्यातरी बेटावर सहलीला निघाला. २०१६ मध्ये चक्क शब्दकोडं आणलं: चार शब्द एकमेकांत आडवेउभे गुंफलेले, आणि कॅटेगरीच्या जागी त्यांना जोडणारी एक सूचना. दाजींना हेच आवडेल.

शेवटच्या फेरीचं राहिलंच. पूर्वी तिथे खेळाडूने पाच व्यंजनं आणि एक स्वर निवडायचा. पण जो तो तीच अक्षरं मागायचा: आर, एस, टी, एल, एन आणि ई. शेवटी १९८८ मध्ये ही सहा सगळ्यांना फुकटच दिली आणि वर आणखी तीन व्यंजनं, एक स्वर मागायला सांगितलं. वेळ मात्र पंधरा सेकंदांवरून दहावर आणला. आणि कोडी अशी शोधली की त्यात ही सहा अक्षरं फारशी निघूच नयेत. अलीकडे या फेरीआधी तीन कॅटेगऱ्या पुढे ठेवतात, हवी ती घ्या म्हणतात. बहुतेक लोक 'काय करताय?' किंवा 'खाणंपिणं' असल्या घरगुती कॅटेगरीकडे वळताना दिसतात. मी 'जागा' घेईन. नकाशाचा भरवसा वाटतो मला.

खेळाचा सूत्रसंचालक पॅट सेजॅक २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. १९८१ पासून तोच होता. आता रायन सीक्रेस्ट आहे. अक्षरं दाखवणारी व्हॅना व्हाइट मात्र १९८२ पासून अजून तीच. पूर्वी ती खरोखर चौकटी फिरवायची, १९९७ पासून पडद्यांना नुसता हात लावते. हिचं सगळं लक्ष तिच्या कपड्यांकडे. कोडं सुटलं काय, न सुटलं काय.

मराठीत हा खेळ करून बघावा असं मनात होतं. पण 'क' मागितला तर 'का', 'कि', 'क्य' सगळे द्यायचे का, यावर आमचं घरातच एकमत होईना. शेवटी पूर्ण अक्षर मागायचं, काना-मात्रेसकट, असं ठरवलं.

त्या नियमाने दाजींसाठी एक पाठवतो. उत्तर तुलाही सांगत नाही, नाहीतर तू लगेच फोडशील. पुढच्या रविवारी फोन करेन तेव्हा विचारीन. बक्षीस: दिवाळीला येताना त्यांना हवा तो पेनांचा डबा.

हिचा आणि मुलांचा तुम्हा दोघांना नमस्कार. फिजिओथेरपी चुकवू देऊ नकोस.

तुझा,
बाळू

कॅटेगरी: आधी आणि नंतर. तीन शब्द.
सां _ ली   _ _ द   _ कू