रुमालात बांधलेली कवळी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांच्या खणात चष्म्याचं घर शोधत होते, तर हाताला एक रुमाल लागला. गाठ सोडली आणि आत खालची कवळी. अगदी कोरडी पडलेली. बाबा, तुम्ही दारातच उभे होतात. "मला नाही जमत गं ती," एवढंच म्हणालात आणि वळून गेलात. तुमचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हा बोलायला सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला जमत नाही असं मनात धरूच नका. खालची कवळी जात्याच अवघड असते. वरचीला अख्खी टाळू मिळते, लाळेच्या पातळ थराने ती वर चिकटून राहते. खालचीला मिळते फक्त घोड्याच्या नालेएवढी अरुंद हिरडी. आत जीभ सारखी हलणार, बाहेरून गाल आणि ओठ ढकलणार. शिवाय दात काढले की जबड्याचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा साधारण चौपट. माप घेतलं तेव्हाची हिरडी आणि आजची हिरडी एक राहिलेली नाही. मग कवळी हलणार, टोचणारच. त्यावर उपाय आहे: आतून नवा थर भरून ती पुन्हा हिरडीला बसती करून देतात. दरवेळी नवी करावी लागत नाही.

एक गोष्ट मला खटकते, ती बोलून टाकते. कवळी पक्की करण्याआधी मेणात बसवलेले दात तोंडात घालून दाखवतात, ती वेळ खरं तर सांगायची असते. दात पुढे वाटतात का, ओठ मिटतात का, सगळं तेव्हा बदलता येतं. तुम्ही डॉक्टरांचा वेळ जाऊ नये म्हणून "छान आहे" म्हणून मोकळे झालात. आयुष्यभर तुम्ही असंच केलंत. या वेळी नका करू. डाव्या बाजूला टोचतं ना, तिथे बोट ठेवून दाखवा. आणि हो, डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवसापासून थोडा थोडा वेळ कवळी घाला, म्हणजे हिरडीवर खूण उमटलेली दिसेल आणि नेमकी तेवढीच जागा घासून देतील. घरी पॉलिश पेपर घेऊन बसू नका. एकदा जास्त घासलं गेलं की परत येत नाही. कवळी चिकटवायची पेस्टही सैल कवळीवरचा इलाज नव्हे. वापरायचीच तर अगदी थोडी, आणि जस्त नसलेली. जस्ताची पेस्ट बरेच दिवस भरपूर वापरली तर शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा होते.

खाताना घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पुढच्या दातांनी तोडायला गेलात की मागून कवळी उचलते. खऱ्या दातांच्या पाव ताकदीनेसुद्धा कवळीने चावता येत नाही, म्हणून जेवायला वेळ लागतो. लागू दे. आम्ही उठलो की तुम्हीही ताटावरून उठता, ते मला बघवत नाही. 'स' आणि 'श' अडखळतात त्याला रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं. जीभ आपोआप शिकते.

आता आई. बाबा कवळी घालत नाहीत आणि तू काढत नाहीस. पहाटे मी खोलीत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलंस, ते मी पाहिलं. आई, माझ्यापुढे कसली लाज? रात्रभर कवळी तोंडात राहिली की तिच्याखालची हिरडी कोंडल्यासारखी होते, बुरशी धरते, टाळू लाल होते. तुझी जी आग होते ती त्याचीच असेल, दाखवून घे. २०१५ साली जपानमधल्या ८५ वर्षांपुढच्या ५२४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. ते वाचलं आणि मला रात्री झोप आली नाही.

म्हणून झोपताना काढ, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घास आणि साध्या पाण्यात बुडवून ठेव. टूथपेस्टने बारीक चरे पडतात आणि त्यांत घाण बसते. गरम पाणी नको, आकार बिघडतो. हात थरथरतात ना, म्हणून बेसिनमध्ये टॉवेल अंथरून किंवा पाणी भरून त्यावर धू, निसटली तरी फुटणार नाही. हिरड्या, टाळू, जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसून घे. रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, कारण लाळच नसेल तर कवळी धरणार कशाला? आणि दोघांपैकी कुणाच्याही तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर मला लगेच कळवा. वाट पाहू नका.

बाबा, रुमालातली कवळी आजच पाण्यात घाला. तुमची वेळ मी घेतली आहे, त्या दिवशी मी येते आहे, बरोबर जाऊ. तोवर रविवारच्या फोनला कवळी घालून बसा, तोंडापुढचा हात खाली ठेवा. शब्द अडखळले तर अडखळू देत, मला सगळं समजतं.

तुमची,
लेक