बचत गटातली भांडणे आणि व्याजाचा रकाना

संपादक महोदय,

महिला बचत गट फुटला की ‘बायकांचे पटत नाही’ म्हणून गावही मोकळे होते आणि अधिकारीही. वही उघडली तर भांडणाचे मूळ बरेचदा व्याजाच्या रकान्यात सापडते.

गटाच्याच बचतीतून दिलेले दहा हजारांचे अंतर्गत कर्ज, व्याज महिना दोन टक्के, मुद्दलाचा हप्ता हजाराचा. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरले तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, असे दहा महिन्यांत १,१०० रुपये होतात. सचिवाने दर महिन्याला २००च लावले तर २,०००. एकीला एक रीत आणि दुसरीला दुसरी लागली की ९०० रुपयांचा फरक पडतो. तो कोणी तोंडावर बोलत नाही. बैठकीला येणे कमी होते, बचत थकते आणि मग कुजबुज सुरू होते, ‘अध्यक्षबाईंची जाऊ आहे ना ती!’

अशा वेळी आधी पैसे मोजावेत. मागची शिल्लक अधिक जमा, वजा खर्च आणि दिलेली कर्जे. हा आकडा बँकेतली शिल्लक आणि हातातली रोख यांच्या बेरजेशी जुळला पाहिजे. नंतर प्रत्येकीचे पासबुक खतावणीशी, म्हणजे गटाच्या सदस्यवार हिशेबाच्या वहीशी, ताडावे, तेही मोठ्याने वाचून, कारण सगळ्यांना वाचता येतेच असे नाही. तोवर चूक कोणाची, हा विषय काढू नये.

उरतो तो प्रश्न कर्ज आधी कोणाला. दवाखाना पहिला, मग पेरणी, असा क्रम गटाने शांतपणे आधीच ठरवावा. गरज सारखी असेल तर आजवर कर्ज न उचललेलीला प्राधान्य. ठराव इतिवृत्तात लिहून सह्या-अंगठे बैठकीतच घ्यावेत. नंतर घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांवरून पुन्हा वाद होतो.

मध्यस्थीला सरपंच नकोत, कोणाचे यजमान तर नकोतच. त्यांच्यामागून गावातले राजकारण येते. ग्रामसंघातल्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघातल्या, दुसऱ्या वस्तीतल्या दोघी पुरतात.

तरीही एखादी बाहेर पडत असेल तर अडवू नये. बचत आणि नफ्यातला वाटा यांतून येणे कर्ज वजा करून रक्कम सर्वांसमोर द्यावी, ‘हिशेब पूर्ण’ असे लिहून घ्यावे. बँक खात्यावर तिची सही असेल तर सही बदलाचा ठराव लगेच बँकेत द्यावा. नाहीतर गटाचे पैसे अडकून पडतात.

– गटांचे हिशेब तपासणारी एक कार्यकर्ती, जि. सोलापूर